पत्रा चिरा, ओढा, भिंतीसमोर टांगा: धाराशिवच्या उन्हात एक्सपांडेड जाळी कशी काम करते?

शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं असलेली लोखंडी जाळी तुम्ही बऱ्याच वेळा पाहिली असेल. जनरेटरच्या पिंजऱ्याला, टपरीच्या खिडकीला, गेटच्या खालच्या भागाला. फॅब्रिकेशनवाले तिला एक्सपांडेड जाळी म्हणतात. हीच जाळी आता इमारतींच्या दर्शनी भागावर, म्हणजे एलेव्हेशनवर, चढू लागली आहे. दिसते भारीच. पण धाराशिवसारख्या जिल्ह्यात तिचा उपयोग दिसण्यापुरता नाही.

आधी ती बनते कशी ते बघू. एक जाडसर कागद घ्या. त्यावर ओळीने छोट्या चिरा पाडा, आणि पुढच्या ओळीतल्या चिरा विटांच्या सांध्यांसारख्या अधल्यामधल्या जागी येऊ द्या. आता कागद चिरांच्या आडव्या दिशेने ओढा. चिरा उघडतात, शंकरपाळे तयार होतात. कारखान्यात पत्र्याचं हेच होतं, फक्त चिरणं आणि ओढणं एकाच मशीनवर सोबत चालतं. जॉन फ्रेंच गोल्डिंग या इंग्रज माणसाने 1880च्या दशकात ही पद्धत शोधली. भोकं पाडलेल्या पत्र्यात कापलेले तुकडे भंगारात जातात, इथे काहीच वाया जात नाही. सगळी जाळी अखंड असल्यामुळे कुठेही कापली तरी ती उसवत नाही.

कागद नीट बघितलात तर अजून एक गोष्ट दिसेल. ओढल्यावर पट्ट्या तिरप्या उभ्या राहतात. म्हणजे जाळीतल्या प्रत्येक भोकावर एक छोटा छज्जा आपोआप तयार होतो. सगळी गंमत या तिरपेपणात आहे, त्याकडे पुढे येतो.

आता धाराशिवकडे. इथली जुनी माळवदाची घरं उन्हाळ्यात थंड का असायची? दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आणि वर मातीचा जाड थर. दिवसभराचं ऊन त्या जाडीतच मुरायचं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि लातूर-उस्मानाबादमधली कितीतरी गावं पडली, हजारो माणसं गेली. ज्या जाडीने थंडावा दिला, तिच्याच खाली माणसं गाडली गेली. त्यानंतर लोक हलक्या, पातळ भिंतींच्या घरांकडे वळले, आणि ते बरोबरच होतं. पण पातळ भिंत ऊन अडवत नाही. मे महिन्यात अशा घरात संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा.

प्रश्न असा, की वजन न वाढवता सावली कशी आणायची? दोन फूट जाडीच्या दगडी भिंतीचं वजन एका चौरस मीटरला जवळपास दीड टन भरतं. दोन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची, निम्मी उघडी असलेली जाळी त्याच जागेत साधारण आठ किलो, अधिक फ्रेमचं वजन. ॲल्युमिनियमची घेतली तर याच्या एक तृतीयांश. भूकंपात भिंतीवर येणारा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे हा फरक कागदावरचा नाही. मात्र जाळी भिंतीला मजबूत करत नाही, ती फक्त सावली देते. भिंत कच्ची असेल तर आधी इंजिनिअर.

सावलीचं गणित जागेप्रमाणे बदलतं. धाराशिव सुमारे 18 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा फारसं ऊन लागतच नाही. तिथे ऊन येतं ते हिवाळ्यात, डिसेंबरच्या दुपारी सूर्य 48 अंशांवर असताना, आणि ते नकोसं नसतं. खरा त्रास पश्चिमेचा. मे महिन्यात दुपारी चार वाजता सूर्य 38 अंशांच्या आसपास असतो, पाच वाजता 24 अंशांवर उतरतो. पण आपल्याकडे जाळी रस्त्याच्या बाजूला लागते, कारण तिकडून इमारत दिसते. रस्ता उत्तरेला असेल तर हा पैसा निव्वळ शोभेचा.

शोभेसाठी लावण्यात गैर काही नाही म्हणा. न्यूयॉर्कचं न्यू म्युझियम (2007, आर्किटेक्ट सना) याच जाळीसाठी जगभर गाजलं. आपल्या उन्हाशी जवळचं उदाहरण मात्र अलिबागजवळच्या नांदगावचं पाल्मायरा हाउस, स्टुडिओ मुंबईने 2007 साली पूर्ण केलेलं. तिथे जाळी नाही, ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्या आहेत, पण तत्त्व तेच: ऊन बाहेर अडवा, वारा आत येऊ द्या.

पश्चिमेला जाळी लावताना लांब कर्ण आडवा ठेवा, आणि पट्ट्यांचा उतार बाहेर खालच्या दिशेने, छज्जासारखा. म्हणजे चारचं ऊन अडतं आणि आतून खालचा रस्ताही दिसतो. तीच जाळी उलटी टांगली तर पट्ट्या वर तोंड करतात आणि ऊन सरळ आत येतं. पैसे तेवढेच, काम शून्य. दुकानातून एक फुटाचा तुकडा मागून घ्या, तो उभा धरा, दोन फुटांवरून साधारण 40 अंशांवर मोबाइलचा टॉर्च मारा आणि मागच्या कागदावरची सावली बघा. मग तुकडा वरचा खाली करून पुन्हा बघा. कोन मोजायला फोनमधलं लेव्हल ॲप चालतं, दिशेला कंपास. दाबून सपाट केलेली जाळीही मिळते, तिच्यात हा छज्जा उरत नाही. सूर्य अगदी खाली गेल्यावर तिरपेपणाचा उपयोग कमी होतो, म्हणून पश्चिमेला बारीक भोकांची जाळी घ्यावी.

जाळी भिंतीला चिकटवू नका. ती स्वतः तापते. अर्धा ते एक फूट अंतर ठेवा, वर-खाली मोकळं सोडा, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाते. त्या पोकळीत कबुतरं घर करतात, तेव्हा वरच्या-खालच्या तोंडाला बारीक जाळी लागेलच.

गंजाबद्दल एक गोष्ट फार कमी जण विचारतात. जस्ताचा थर दिलेला पत्रा चिरला की कापलेल्या कडा उघड्या पडतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. गॅल्वनायझिंग जाळी बनल्यानंतर झालंय का, हे विचारा.

आणि मोबाइलची रेंज? 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 33 सेंटिमीटर असते. दोन-चार सेंटिमीटरच्या भोकांतून ती नीट जात नाही; मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळी याच तत्त्वावर चालते. एकाच बाजूला जाळी असेल तर इतर खिडक्यांतून सिग्नल येतो. टॉवर नेमका त्याच बाजूला असेल तर मात्र रेंज कमी होऊ शकते.

घर एकमजली असेल तर आधी स्लॅबकडे बघा. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऊन छतावर पडतं, तिथे पांढरा रंग जाळीपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा. दोन-तीन मजले असतील तर जाळीचा विचार करा. फ्रेमचे बोल्ट विटेत नाही, आरसीसी बीममध्ये घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर खिडकीसमोरचं एक पॅनेल बिजागरीवर ठेवा, आतून उघडणारं. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते.