शेडमागची जीप आणि जुन्या मोटारींचा मेळा

जुन्या मोटारींचं प्रदर्शन म्हटलं की राजेरजवाड्यांचा थाट डोळ्यांपुढे येतो. कोल्हापूरला दसऱ्याच्या संध्याकाळी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली माणसं आधी मोटारीकडे बघतात. आम्ही दुधनीच्या अकरा जणी ज्या मेळ्याला गेलो, तिथे असलं काही नव्हतं. रविवारची सकाळ, सोलापुरातलं एक मोकळं मैदान, आणि हौशी मालकांनी आपापल्या आणून लावलेल्या गाड्या. तिकीट नाही, सत्कार नाही, भाषण तर नाहीच नाही. बॉनेट उघडून गप्पा चाललेल्या. आम्ही सकाळच्या रेल्वेने निघताना भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती, ती तिथेच झाडाखाली सोडली.

आता बचत गटाच्या बायका मोटारी बघायला कशाला? तर आमच्या गटातल्या एका वहिनींच्या शेडमागे सासऱ्यांची जीप उभी आहे. एकेकाळी वडापला चालायची. आता चाकात हवा नाही, खाली कोंबड्या बसतात. भंगारवाला दर महिन्याला येतो आणि किलोवर भाव सांगतो. घरात कुणी म्हणतं, अशा गाड्यांना लाखो रुपये मिळतात. कुणी म्हणतं, जागा तरी मोकळी होईल. ज्यांना कळतं त्यांनाच विचारावं, म्हणून आम्ही गेलो.

मैदानात सगळ्यात जास्त गर्दी फियाटभोवती होती. या गाडीचं आणि आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. ज्या गाडीला आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात ती तिथलीच. तिचं पुढचं दार उलट्या बाजूने उघडतं, बिजागरी मागे असते. नऊवारीतल्या बाईला आत बसायला ते फार सोयीचं, असं आमच्यातल्या एका आज्जींनी लगेच बसून सिद्ध केलं. मालकाची परवानगी घेऊनच हं! अशा ठिकाणी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. विचारलं की मात्र मालक गाडीची जन्मकुंडलीच मांडून बसतो.

नंतरची प्रीमियर पद्मिनी आपल्याला मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे ठाऊक. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असायचा. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ ची, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सी म्हणून संपली, पण घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून आहेत.

जपणं सोपं नाही. सुटे भाग मिळत नाहीत, मिळाले तर दुसऱ्या गाडीतून काढलेले. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असेल. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, चिरतात. एका मालकाने सांगितलं, गाडी रोज चालवायची नाही पण रोज बघायची, म्हशीसारखी. हे आम्हाला पटकन समजलं.

मग वहिनींनी जीपचा विषय काढला. ‘विंटेज’ हा शब्द सगळे सहज वापरतात, पण २०२१ पासून केंद्र सरकारने त्याचे नियम केलेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी हवी. ती मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते, पुढच्या वेळी पाच हजार. जुना नंबर असेल तर तो ठेवता येतो, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

जीप पन्नास वर्षांपुढची होती. पण वडापला परवडावी म्हणून सासऱ्यांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जीपचं असंच झालं. तिथेच विंटेजचा विषय संपला. वहिनींचा चेहरा उतरला, पण आम्हाला वाटतं हे कळलं ते बरंच झालं. नाहीतर लाखाच्या आशेवर आणखी दहा वर्षं कोंबड्याच बसल्या असत्या.

पुढचा प्रश्न कागदांचा निघाला, आणि तो जीपपेक्षा जड होता. आर. सी. बुक अजून सासऱ्यांच्याच नावावर. ते जाऊन सहा वर्षं झाली. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण हे मोटारसायकललाही लागू आहे. गाडीचा मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत आर. टी. ओ. ला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. मृत्यूचा दाखला, आर. सी., विम्याचे कागद जोडावे लागतात. उशीर झाला तरी अर्ज करता येतो, दंड पडू शकतो इतकंच. आपल्याकडे शेताचा सातबारा लगेच बघतात, घराचा उतारा बघतात, पण दारातली गाडी तेवढी राहून जाते. विधवा बाईच्या नावावर करायची म्हटलं की तर आणखीच राहते.

नाव न बदलता गाडी नुसती चावी देऊन विकली तर काय होतं? पुढे अपघात झाला तर आर. टी. ओ. च्या नोंदीत ज्याचं नाव, तोच जबाबदार. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून घ्यायचेच.

भंगारवाल्याचंही तसंच. तो लोखंड नेतो, पण नोंदणी आपल्या नावावर जिवंत राहते. गाडी मोडीत काढायची तर सरकारमान्य केंद्रात द्यावी. तिथून जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि नवी गाडी घेताना त्यावर सवलत मिळू शकते. मग नोंदणी रद्द करून घ्यायची. नंबरप्लेट भंगारवाल्याच्या हाती जाऊ द्यायची नाही.

वहिनींनी आधी नाव लावून घ्यायचं ठरवलंय, विकायचं की मोडायचं ते नंतर. तुमच्या गटात कुणाच्या घरी असं वाहन उभं असेल तर पुढच्या बैठकीला आर. सी. बुक घेऊन या म्हणावं. पाटीवर ‘एमएच’ नसेल तर गाडी बहुधा १९८९ च्या आधीची समजा, आणि इंजिन नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का तेही बघा.