वन्यजीव निरीक्षणासाठी मध्यम किमतीची दुर्बीण कशी निवडावी?

कोरमंगला, बंगळुरू : बंगळुरूच्या कोरमंगला भागापासून मडिवाळ आणि अगरा हे तलाव हाकेच्या अंतरावर आहेत, तर बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान साधारण वीस किलोमीटरवर आहे. सुटीच्या दिवशी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून निघणाऱ्या नागरिकांची या शहरात उणीव नाही. मात्र पहिली दुर्बीण घेताना नेमके काय पाहावे, हा प्रश्न अनेकांना पडतो.

एकेकाळी याच परिसरातील जंगलांत शिकारी बंदुकीबरोबर दुर्बीणही बाळगत. बंगळुरूत वास्तव्य असलेले प्रसिद्ध शिकारी व लेखक केनेथ अँडरसन यांच्या कथा याच दक्षिणेतील रानांत घडतात. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१च्या दुरुस्तीनंतर हौसेच्या शिकारीची वाट बंद झाली. बंदूक गेली, दुर्बीण मात्र राहिली. प्राण्याचा माग काढणे, तो दुरूनच ओळखणे आणि त्याला न बिथरवता पाहणे, हे शिकाऱ्याचे कौशल्य आज निरीक्षकाला उपयोगी पडते.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ८x४२ किंवा १०x२५ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसेल हे सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. अधिक पट म्हणजे अधिक चांगली दुर्बीण, हा समज चुकीचा आहे. प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो आणि दिसणारे क्षेत्र आक्रसते. म्हणूनच हातात धरून पाहण्यासाठी आठ किंवा दहा पट पुरेशी ठरते. वीस-तीस पटीच्या जाहिरातींना भुलू नये.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले असता डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ८x४२ मध्ये तो सुमारे ५.२५ मिलिमीटर, १०x४२ मध्ये ४.२, तर १०x२५ मध्ये केवळ २.५ मिलिमीटर असतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर इतकीच उघडते, त्यामुळे दुपारी या तिन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ भासतात. खरी परीक्षा पहाटे आणि सांजवेळी होते. गवे, सांबर, बिबटे यांच्या हालचाली याच वेळी वाढतात आणि तेव्हा बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक विस्फारते. खिशात मावणारी लहान दुर्बीण अशा वेळी अंधूक दिसते.

महाराष्ट्रातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राण्यांची नोंद केली जाते. चांदण्यात पाहायचे असेल, तर ७x५० सारखी दुर्बीण सर्वाधिक प्रकाश देते. मात्र ती जड असते आणि वयानुसार बाहुली कमी उघडू लागल्याने ज्येष्ठांना तिचा पुरेपूर लाभ होत नाही.

जंगल दाट की माळ मोकळा?

नागरहोळेसारख्या दाट रानात प्राणी क्षणभर दिसतो आणि झाडीआड होतो. तेथे विस्तृत क्षेत्र दाखवणारी आठ पटीची दुर्बीण सोयीची. रेहेकुरीसारख्या माळरानावर दूरचे काळवीट न्याहाळायचे असल्यास दहा पटीचा विचार करता येईल. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्यांनी ८x४२ घ्यावी.

पैसे कशासाठी मोजावेत?

साधारण दहा ते पंचवीस हजार रुपयांच्या टप्प्यात निवड करताना पुढील बाबी तपासाव्यात.

दुर्बिणीत प्रतिमा सुलट करण्यासाठी लोलक बसवलेले असतात. पोरो रचनेची दुर्बीण रुंद असते; पण कमी किमतीत ती स्पष्ट प्रतिमा देते. सरळ नळ्यांची रूफ रचना सुटसुटीत असते. मात्र तिच्या लोलकांवर प्रकाशाची कला जुळवणारा लेप नसेल, तर प्रतिमेतील बारकावे पुसट होतात. हा लेप आहे की नाही, ते माहितीपत्रकात पाहावे. भिंगांच्या सर्व पृष्ठांवर बहुस्तरीय लेप असावा. पश्चिम घाटातील पावसाळा लक्षात घेता जलरोधक आणि आत नायट्रोजन भरलेली दुर्बीण घेणे हिताचे, कारण त्यामुळे आतील भिंगांवर बाष्प धरत नाही. चष्मा वापरणाऱ्यांनी नेत्रिकेपासून डोळ्याचे अंतर किमान १५ मिलिमीटर ठेवता येते का, हे विचारावे.

दुकानातील चाचणी

दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे रोखावी. नेत्रिकांत दिसणारी दोन्ही प्रकाशवर्तुळे पूर्ण गोल असावीत. कडा करड्या किंवा चौकोनी दिसल्यास लोलक कनिष्ठ प्रतीचे आहेत, असे समजावे. त्यानंतर दाराबाहेर येऊन दूरची पाटी वाचावी आणि आकाशाच्या पार्श्वभूमीवर एखादी फांदी पाहावी. फांदीच्या कडेला ठळक जांभळी झाक नसावी. दोन प्रतिमा दिसत असतील किंवा मिनिटभरात डोळ्यांवर ताण येत असेल, तर नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण स्वस्त मिळाली, तरी घेऊ नये. शेवटी ती पाच मिनिटे गळ्यात अडकवून वजनाचा अंदाज घ्यावा.

खरेदीनंतर भिंगे कोरड्या कापडाने घासू नयेत. आधी धूळ फुंकणीने उडवावी. पावसाळ्यात दुर्बीण सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवल्यास बुरशी टळते. दुर्बिणीतून सूर्याकडे कदापि पाहू नये, दृष्टी कायमची जाऊ शकते.

चांगली दुर्बीण प्राण्याला आपल्या जवळ आणते, त्यामुळे आपण त्याच्या जवळ जाण्याची गरज उरत नाही. घरट्यापासून आणि पाणवठ्यापासून अंतर राखणाऱ्या निरीक्षकासाठी हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे.