मैदानावरील घरगुती कॅमेरा

भाताची कापणी आटोपली आणि वायंगणाचे पीक नसलेली शेते मोकळी झाली, की पेडणे व डिचोली तालुक्यांतील वाड्यावाड्यांवर खेळांना रंग चढतो. कुठे व्हॉलीबॉलची जाळी ताणली जाते, कुठे कबड्डीसाठी चुन्याच्या रेषा आखल्या जातात, तर कुठे फुटबॉलसाठी बांबू रोवले जातात. २०१७ साली फातोर्ड्याला सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले, ते साऱ्या जगाने पाहिले. वाड्यावरच्या सामन्याला मात्र असतो कुणाच्या तरी घरचा एकच कॅमेरा. त्याने टिपले तेवढेच पुढच्या पिढीसाठी उरते. म्हणून तो हाताळावा कसा, याविषयी चार गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९६५ साली आलेल्या सुपर-८ फिल्मच्या एका डबीत जेमतेम सव्वातीन मिनिटांचे चित्रण मावे. गोल होईपर्यंत ती संपूनही जाई. ऐंशीच्या दशकात घरगुती व्हिडिओ कॅमेरे आले आणि ही चणचण मिटली. आज मोबाइलही तेच काम करतो. साधने बदलली, नियम मात्र तेच राहिले.

पहिला नियम जागेचा. सामने बहुधा उन्हे कलल्यावर होतात. तेव्हा सूर्य पाठीशी राहील असे पश्चिमेकडे उभे राहावे. बांध, पायऱ्या किंवा भक्कम टेबल, जी उंची मिळेल ती घ्यावी. सामना संपेपर्यंत मैदानाची बाजू बदलू नये. बदलली तर डावीकडे धावणारा संघ एकाएकी उजवीकडे धावताना दिसतो आणि पाहणारा गोंधळतो.

दुसरा नियम असा, की चेंडूमागे न लागता खेळ पाहावा. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. चढाई करणाऱ्याचाच चेहरा मोठा करून दाखवला, तर त्याच्या पाठीमागे आवळत येणारी साखळी निसटते. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. त्यातील मध्यरेषा चौकटीबाहेर कधीच जाऊ देऊ नये, कारण बोट रेषेला टेकले की नाही, यावरच गुण ठरतो. खो-खोत खांबाजवळची झेप आधीच ओळखावी. व्हॉलीबॉलसाठी अंतिम रेषेमागची उंच जागा उत्तम. तेथून चेंडू कुणी उचलून दिला आणि कुणी मारला, हे दोन्ही कळते.

कॅमेरा फिरवताना पाय रोवून कमरेतून वळावे आणि धावणाऱ्याच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवावी. लख्ख उन्हात झडपेचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका ठेवला, तर धावते पाय पुसट होत नाहीत. रात्रीच्या सामन्यात हा वेग उपयोगाचा नाही. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्याने दिव्यांची लुकलुक चित्रात उतरते. तेव्हा झडप १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणावी.

खेळाइतकीच त्याभोवतीची माणसेही मोलाची आहेत. चुना ओढणारे वडीलधारे, बाहेर बसलेले राखीव खेळाडू, बांधावरून ओरडणाऱ्या बायाबापड्या यांच्याकडे विश्रांतीच्या वेळी कॅमेरा वळवावा. शेवटी गाव, तारीख, संघ, खेळाडूंची नावे आणि निकाल स्पष्ट आवाजात बोलून ठेवावा. वीस वर्षांनी चेहरे ओळखणारा कुणी भेटेलच, असे नाही.

आता जुन्या कॅसेटींविषयी. गोव्याच्या पावसाळी दमटपणात चुंबकीय फितीला बुरशी धरते, आणि त्या चालवणारी यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. घरातल्या कपाटात जुन्या सामन्यांच्या कॅसेटी असतील, तर पुढच्या मिरगाची वाट न पाहता त्या जाणकाराकडून संगणकावर उतरवून घ्याव्यात. बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. एक प्रत घरी ठेवावी, दुसरी गावाच्या वाचनालयात किंवा क्रीडामंडळात द्यावी.

त्या फितीत धावणारी मुले आज आजोबा झाली असतील. त्यांच्या नातवंडांना ती धाव पाहता यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.