यंदा क्रॉस कंट्रीत बाजी कोण मारणार?

महाविद्यालयीन क्रॉस कंट्रीचा हंगाम जवळ आला की शिरूरच्या घोडनदीकाठी आणि दौंडच्या भीमाकाठी एकच चर्चा असते, यंदा जिंकणार कोण?

एकट्या वेगवान पोरावर भिस्त ठेवू नका. सांघिक निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लागतो. बेरीज कमी, तो संघ पुढे. समजा, चौघांचे क्रमांक धरले. एका संघाचे १, १५, २०, २४ म्हणजे ६०. दुसऱ्याचे ८, १०, १२, १४ म्हणजे ४४. पहिला आलेला पहिल्या संघात, पण चषक दुसऱ्याचा! म्हणून आमचा अंदाज असा : जिथे चार-पाच जण बरोबरीने चढावर, ढेकळांत सराव करतात, तेच खरे दावेदार.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये गेला, २०१५ मध्ये क्रॉस कंट्री धावू लागला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्णपदक घेऊन आला. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ मध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली.

दौंडला राज्य राखीव पोलीस दल आहे. त्याच्या भरतीत पाच किलोमीटर धावावे लागते. म्हणजे हा सराव भाकरीचाही आहे.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच शिरूरहून निघून आपले पूर्वज चालत कोरेगावला पोहोचले होते. पालकहो, तो दम आपल्या लेकरांत आहे. मुलीलाही पहाटे मैदानावर धाडा. सोबत मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्या.

जय भीम!