रानातल्या शेळीला उणे, दावणीच्या बोकडाला जादा

चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा परिसर म्हणजे धानाचा मुलूख. वैनगंगेच्या काठाने बांध्या आणि पलीकडे रान. शेती थोडी असली तरी दारात दोन-चार शेळ्या असतातच. दवाखाना, शाळेची फी, बियाणे अशी अडचण आली की बोकड विकायचा, हा रिवाज. चांगला पोसलेला बोकड विक्रीच्या तोंडावर दगावला, तर घराचे गणितच कोलमडते. यामागे पुष्कळदा खनिजांचा बिघडलेला मेळ असतो.

खनिजे कमी पडली की पुडी आणून टाकायची, एवढेच आपण समजतो. पण एकाच कळपात दोन उलट दुखणी असू शकतात.

चरणारी शेळी

झाडपाल्यात कॅल्शियम बऱ्यापैकी असते, मात्र स्फुरद कमी. उन्हाळ्यात चारा वाळला की ते आणखी घटते. मिठाचीही वाण असते. मग शेळी माती चाटते, हाडे-चिंध्या चघळते, केस राठ होतात, माजावर येत नाही. जस्त कमी पडले तर कातडीवर खवले धरतात. आयोडीन कमी पडले तर करडू गळ्याला गाठ घेऊन किंवा मेलेलेच जन्मते. अशा कळपाला खनिज मिश्रण जरूर द्यावे. मोठ्या शेळीला रोज 10 ग्रॅम, करडांना त्याच्या निम्मे. म्हणजे 20 मोठ्या शेळ्यांना महिन्याला 6 किलो लागते. सोबत आयोडीनयुक्त मीठ किंवा चाटण वीट टांगावी.

मात्र आधी लेंडी तपासून घ्या. बांध्यांत व पाणथळ जागी चरणाऱ्या शेळ्यांना जंत आणि पर्णकृमी होतात. पोटात जंत असतील तर खनिजाचा पैसा वायाच जातो.

बांधलेला बोकड

धान निघाले की राईस मिलचा बारीक कोंडा स्वस्त मिळतो. घरचा बोकड मग कोंडा आणि तणसावरच पोसला जातो. या कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या दहापटीहूनही जास्त असते. खरे तर खुराकात कॅल्शियम दोन भाग तर स्फुरद एक भाग असावे. त्यात तणसातील ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. जादा स्फुरद लघवीतून जाताना खडे धरतात. बोकडाची मूत्रनळी अरुंद, त्यामुळे खडा अडकतो. फार लहानपणी खच्ची केलेल्यात हा धोका जास्त.

अशा बोकडाला पुडी वाढवून उपयोग नाही. बहुतेक खनिज मिश्रणांत स्फुरदही असतेच. इलाज खुराकात आहे:

• कोंडा खुराकाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा.
• 100 किलो खुराकात 1 ते 2 किलो पशुखाद्याच्या प्रतीची चुनखडी पूड आणि 1 किलो मीठ मिसळा. पानाचा चुना वापरू नका.
• रोज हिरवा झाडपाला टाका. सुबाभूळ असेल तर चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुरतीच.
• स्वच्छ पाणी दिवसभर समोर ठेवा. पाणी कमी पिले की खडे लवकर धरतात.

बोकड कुंथतो, शेपटी हलवतो, लघवी थेंबथेंब होते किंवा बंदच होते. पुष्कळ जण याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो. लघवी तुंबली तर मूत्राशय फुटू शकते. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

कळपात मेंढ्या असतील तर शेळ्यांसाठीचे तांबे असलेले मिश्रण त्यांना देऊ नका. मेंढीला जादा तांबे विषासारखे बाधते.

गावाने काय करावे?

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पशुधन विकास अधिकाऱ्यांना विनंती करून पावसाळ्याआधी आणि धान निघाल्यावर, असे वर्षाला दोनदा शेळ्यांचे शिबिर घ्यावे. लेंडी तपासणी, जंतनाशक आणि खुराकाचा सल्ला एकाच दिवशी मिळेल. चाटण विटा व खनिज मिश्रण बचत गटाने एकत्र आणले तर स्वस्त पडते.

पुडी विकत घेण्याआधी शेतकरी बंधू-भगिनींनी एवढेच पाहावे, की आपले जनावर रानात खाते की दावणीला.