ट्रकचे हेड बदलताना

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात धान, लाकूड, बांबू हा सारा माल ट्रकवर चालतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी जंगलातला बांबू वर्षानुवर्षे ट्रकांनी वाहिला. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीच्या साहाय्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्या धाटणीची जुनी इंजिने कित्येक मालकांनी जिवापाड जपली. कारण त्यांच्यावर घर चालते. गाडी आठ दिवस उभी राहिली, की हप्ता थकतो आणि बाजारहाट अडतो.

सिरोंचा हे गाव गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. अशा ठिकाणी मोठा कारखाना जवळ नसतो. म्हणून लोक घरच्या अंगणातच इंजिनाचे हेड काढतात. काढायला हरकत नाही. पण समजून काढावे.

हेड म्हणजे काय?

इंजिनात पोकळ नळकांडी असतात. त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांच्यावरचे जड लोखंडी झाकण म्हणजे हेड. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. आतली हवा १६-१७ पट दाबली जाते. दाबाने ती इतकी तापते, की डिझेल पडताच पेटते. त्या पेटण्याचा जोर झाकणाला वर ढकलतो. झाकणाला धरून ठेवतात ते फक्त बोल्ट. झाकणाखाली एक पातळ गॅसकेट असते. आग, पाणी आणि तेल यांची एकमेकांत भेट होऊ न देणे, हे तिचे काम.

हेड का बिघडते?

बहुधा उष्णतेने. बैलगाडीच्या चाकाची धाव लोहार तापवतो, तेव्हा ती पसरते. थंड झाली की चाकाला आवळते. हेडचे लोखंडही असेच पसरते व आवळते. इंजिन फार तापले, की हेड वाकते आणि गॅसकेट जळते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यात रेडिएटरच्या जाळीत पाचोळा अडकलेला, पट्टा सैल आणि गाडीत भरपूर माल! मग इंजिन तापेल नाही तर काय?

तापलेल्या मडक्यावर गार पाणी ओतले, तर मडके तडकते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले, तर हेडही तडकते. गाडी सावलीत थांबवावी. इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड भाजते.

रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, पाणी वारंवार कमी होणे, पांढरा धूर निघणे, तेल दूध घातलेल्या चहासारखे दिसणे, या खुणा दिसल्या तर गाडी चालवू नये.

काम कसे करावे?

इंजिन रात्रभर निवू द्यावे. बॅटरीची तार सोडावी. पाणी काढावे. डिझेलच्या नळ्या सोडून त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. धुळीचा एक कणही नोझल बिघडवतो.

वरचे रॉकर काढले, की खाली पुशरॉड दिसतात. सहा सिलिंडरांच्या इंजिनात ते बहुधा १२ असतात. पुठ्ठ्याला १२ भोके पाडावीत, आकडे लिहावेत आणि पुशरॉड त्या क्रमाने खोचावेत. जो जिथला, तो तिथेच परत जायला हवा.

बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करावेत. हेड फार जड असते. एकट्याने उचलू नये. ते लाकडावर आडवे ठेवावे.

आता हेड कारखान्यात न्यावे. ते वाकले आहे का, तडकले आहे का, हे तेथे तपासतात. थोडे वाकले असेल, तर यंत्रावर घासून सपाट करतात. घरी पॉलिश कागदाने घासू नये. तडा असेल, तर बहुधा नवे हेड घ्यावे लागते.

बसवताना गॅसकेट नवीच घ्यावी. जुनी पुन्हा कधी वापरू नये. तिच्यावर 'टॉप' असे छापलेले असेल, तर ती बाजू वर ठेवावी. बोल्टांची भोके पुसून कोरडी करावीत. आत तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट आवळताना खालचे लोखंड फुटू शकते.

बोल्ट मध्यापासून कडेकडे आवळावेत. भिंतीवर कागद चिकटवताना आपण हात मधून कडेला फिरवतो ना? तसेच हे. एकदम आवळू नयेत. तीन फेऱ्या कराव्यात. शेवटची फेरी टॉर्क पान्याने करावी. किती जोर लावायचा, हा आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात दिलेला असतो. येथे अंदाज चालत नाही. ज्याला आकडा वाचता येतो, त्याचे काम पक्के होते.

मग टॅपेटचे अंतर पुस्तकाप्रमाणे जुळवावे, पाणी भरावे, डिझेलमधली हवा काढावी आणि इंजिन सुरू करावे.

शेवटी एकच सांगणे. हेड बदलले म्हणजे रोग गेला असे नाही. इंजिन तापले का, हे आधी शोधा. रेडिएटर धुवा, पट्टा ताणा, पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट तपासा. नाही तर जुन्या हेडच्या वाटेने नवे हेडही जाईल, आणि त्याबरोबर घरची पुंजीही.