जुना पिकअप : रंगाखालचे मोल

जुन्या वाहनाचा मोह बहुधा रंगावरून जडतो आणि खर्च मात्र रंगाखालच्या लोखंडावर होतो. अमेरिकेत शेवरोलेने १९४७ मध्ये आणलेला अर्ध्या टनाचा ‘३१००’ हा पिकअप याचे उत्तम उदाहरण होय. शेतकरी व दुकानदार यांच्या मालवाहतुकीसाठी घडलेले हे वाहन आज संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहे. शेवरोले हे नाव मुंबईलाही परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत शिवडीच्या कारखान्यात या गाड्यांची जुळणी केली.

खरेदीपूर्वी केबिनचे खालचे कोपरे, पायफळी आणि दारांच्या कडा तपासाव्यात. चिखलपाणी तेथेच साचते. जेथे लोहचुंबक धरत नाही, तेथे गंजलेला पत्रा पुट्टीने झाकलेला असण्याचा संभव असतो.

खरा निर्णय इंजिनाचा. मूळचे सहा सिलिंडरचे इंजिन २१६ घन इंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे. त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग मऊ बॅबिट धातू ओतून केलेले असून रॉडच्या टोकाची लहानशी पळी तेल उचलून घेते. सावकाश भारवहनास ही रचना पुरेशी होती. महामार्गावरील दीर्घ वेग तिला मानवत नाही. म्हणून अनेक मालक आधुनिक इंजिन बसवतात. गाडी धावते, परंतु तिचे मूळपण जाते, आणि संग्राहक मोल देतो ते मूळपणालाच. शेवरोलेचेच पुढील २३५ घन इंचांचे इंजिन हा मधला मार्ग आहे. १९५४ पासून त्यात बेअरिंगांना दाबाने तेल मिळू लागले. मात्र काढलेले मूळ इंजिन भंगारात न देता जपून ठेवावे.

सहा व्होल्टच्या वीजव्यवस्थेलाही घाईने दोष देऊ नये. तिला जाड तारा लागतात. बारा व्होल्टच्या बारीक तारा जोडल्यास इंजिन सुरू होताना कुरकुरते.

खर्चाचा क्रम ठरलेला असावा : प्रथम चासी, ब्रेक व स्टिअरिंग, मग इंजिन, मग केबिन व मागील हौद्याच्या लाकडी फळ्या, रंग सर्वांत शेवटी. कोणता भाग मूळचा, कोणता बदललेला, याची नोंद खतावणीसारखी ठेवावी आणि विक्रीच्या वेळी ती ग्राहकापुढे उघडी करावी. जुन्या वस्तूच्या व्यवहारात रंगापेक्षा ही वहीच अधिक विश्वासार्ह ठरते.